मुक्या जीवाचे जाणे आणि मनाचे पथ्य

गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी कधी चुकत नाही, आणि घरचा कुत्रा गेला म्हणून डोळ्यांचे पाणी खळत नाही. अशा माणसाने काय करावे? हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. विचारणारे दबकत विचारतात. "महाराज, हसू नका हं" असे आधी बजावून मग सांगू लागतात. बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातलेच असतात. कोणाची म्हैस गेलेली असते, कोणाच्या खिल्लार जोडीतला एक बैल, तर शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोणाचे मांजर. त्यांतले काही जण आधीपासूनच मनाच्या आजारावर औषध घेत असतात. त्यांचा प्रश्न अधिक अवघड, म्हणून या खेपेच्या पाठात आम्ही मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहोत. इतरांनी वाचले तर तेही हवेच आहे, कारण अशा माणसाशी काय बोलावे हे शेजाऱ्यापाजाऱ्याला ठाऊक नसते.

या दुःखी माणसाला दोन उत्तरे ठरलेली मिळतात. पहिले : "जनावरच ते, दुसरं आणा." दुसरे उत्तर माळकऱ्यांकडून येते आणि ते अधिक लागते : "हा मोह आहे. जडभरताचं काय झालं ते आठवा." पहिल्या उत्तराचा विचार पुढे करू. दुसरे आपल्या घरातले आहे, म्हणून आधी ते तपासू.

भरताची कथा भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. ऋषभदेवांचा हा पुत्र राज्य सोडून गंडकीकाठी पुलहाश्रमात राहिला. एके दिवशी एक गाभण हरिणी पाणी पीत असता सिंहाची गर्जना झाली. तिने भिऊन उडी घेतली, गर्भ प्रवाहात पडला आणि हरिणी मेली. भरताने ते पाडस पाण्यातून काढून वाढविले. पुढे त्याचे सारे चित्त त्या हरणात गुंतले, अंतकाळीही तेच डोळ्यांसमोर राहिले आणि पुढचा जन्म हरणाचा आला. कीर्तनात आपण एवढे ऐकतो आणि मान डोलावतो. पण ग्रंथ नीट पाहिला तर दोन गोष्टी दिसतात. एक, पाडसाला वाचविले याबद्दल भरताला दोष दिलेला नाही. यम, नियम, पूजा हे एकेक करून दिवसामागून दिवस सुटत गेले, हे मात्र स्पष्ट सांगितले आहे. दुसरी गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. या कथेत हरीण मरत नाही! मरतो तो भरत. आणि हरीण मुलासारखे त्याच्या उशाशी बसलेले असते. म्हणजे गेलेल्या जीवासाठी रडणाऱ्याची ही कथाच नव्हे. ज्याच्या घरी कालच मूठमाती झाली त्याला ती ऐकवणे म्हणजे तापाच्या रोग्याला खरजेचे मलम लावण्यासारखे आहे.

तरीही त्या कथेत त्याच्या कामाचे एक सूत्र आहेच : नित्यनेम कसा तुटतो. ते पुढे लागेल.

आता संतांकडे वळू. नामदेवरायांची पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. नाथांनी रामेश्वराला नेण्याच्या गंगेच्या कावडीतले पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. पैठणला माउलींनी ज्या रेड्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे गावी आहे आणि भाविक तेथे आजही डोके टेकवतात. जनावराची समाधी बांधून तिच्यापुढे वाकणारा आपला संप्रदाय आहे. त्यात मुक्या जीवासाठी दोन आसवे आली तर माळ बाटते, हा शोध कोणी लावला कोण जाणे.

अगदी अलीकडचेच पाहा ना. माउलींच्या सोहळ्यासाठी अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व येतात. २०१८ च्या आषाढी वारीत त्यांतला हिरा नावाचा अश्व पुण्यात गेला. ज्याच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात, तो वाटेतच गेला. वारकरी हळहळले, कित्येकांचे डोळे भरून आले आणि सोहळा पुढे पंढरीकडे चालत राहिला. हळहळणे आणि चालत राहणे ही दोन्ही त्याच माणसांनी केली.

आणि रडण्याविषयी म्हणाल, तर १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली त्या प्रसंगाचे नामदेवरायांचे अभंग वाचावेत. भक्तांचे रडणे त्यांत झाकलेले नाही. तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दुष्काळात गेले, व्यापार बुडाला. तुकोबांनी ते आपल्या अभंगांत उघड सांगितले. संतांनी दुःख बोलून दाखविले, गिळून ठेवले नाही.

आता पहिले उत्तर. "जनावरच ते." सोलापूरच्या शेतकऱ्याला हे कोणी सांगू नये. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याकडची माणसे घरदार सोडून चारा छावणीत जनावरांजवळ राहिली. रात्री गव्हाणीशेजारीच पथारी टाकायची, पहाटे टँकरची वाट पाहायची. महिनोन्‌महिने असे काढून जगविलेले जनावर, आणि मग २०२२ साली लंपी आला. अंगावर गाठी, ताप, पायाला सूज. जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. शासनाने भरपाई दिली : दुधाळ जनावराला ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्याला २५,०००, वासराला १६,०००. ती देणे योग्यच होते, त्या पैशाने घर तगले. पण बेंदराला शिंगे रंगवायला गोठ्यात कोणी नाही, जोडीतला उरलेला बैल दाव्याला हिसडे देऊन रिकाम्या खुंट्याकडे बघतो, याची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

शहरात तर एवढीही मान्यता नसते. शेतकऱ्याचे निदान नुकसान झाले असे लोक मानतात. कुत्रे गेलेल्या माणसाचे काहीच गेले नाही असे धरतात. घरच्या माणसासाठी दहा दिवसांचे सुतक असते, शेजारी पिठलेभाकरी घेऊन येतात, कामावर रजा मिळते. जनावरासाठी यांतले काहीच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यावर कामाला हजर! केनेथ डोका नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९८९ साली अशा दुःखावर ग्रंथ सिद्ध केला. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान देत नाही, ते माणसाला चोरून करावे लागते आणि त्यामुळे अधिक काळ सलते, असा त्याचा आशय. आपल्या आयाबायांना हे पुस्तक न वाचता ठाऊक आहे. मोरीत नळ सोडून रडणे म्हणजे तेच.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. सोलापूरच्या पूर्वभागात, यंत्रमागाच्या धंद्यावर पोट असलेल्या एका घरातल्या बाई. आठ वर्षांपासून नैराश्याच्या गोळ्या चालू आणि त्यांवर प्रकृती ठीक. घरी तेरा वर्षांचा साधा गावठी कुत्रा. पहाटे पाचला तो पदर ओढी. मग उठायचे, त्याला फिरवून आणायचे, येताना दूध, आल्यावर चहा, चहाबरोबर गोळी. रात्री त्याची भाकरी कुसकरून झाली की दुसरी गोळी. कुत्रा मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. आठवडाभर घरातले सगळेच उदास होते. मग माणसे कामाला लागली. बाई मात्र सकाळी दहापर्यंत अंथरुणात. "दुःख आहे, ओसरेल" असे सर्वांनी मानले. तिसऱ्या आठवड्यात रात्रीची झोप पार गेली, जेवण सुटले. जाऊबाईंनी एकदा फळीवरचा डबा काढला तर काय! "अगं, पाकीट भरलेलंच हाय की. गोळ्या कवापासनं घेतल्या न्हाईत?" बाई म्हणाल्या, "घेऊन तरी रडूच येतंय, मग कशाला घ्यायच्या?"

हे उदाहरण आम्ही विस्ताराने दिले, कारण घराघरांत असेच घडते. आजारी मनाच्या माणसाला घरातले जनावर हे घड्याळ असते. ते वेळेवर उठवते, उन्हात नेते, दिवसातून दोनदा चालवते, शेजाऱ्याशी चार शब्द बोलायला लावते. ते गेले की प्रीतीचा विषय जातो आणि त्याबरोबर दिवसाचा सांगाडाही मोडतो. त्या सांगाड्याला गोळ्या बांधलेल्या असतात, झोप बांधलेली असते. भरताचे नियम एकेक करून सुटले, तेच येथे होते. फरक इतकाच की भरताचे हरीण जवळ असताना सुटले आणि यांचे जनावर गेल्यावर सुटतात.

म्हणून पहिले पथ्य घड्याळाचे. जनावर गेले तरी त्याची वेळ मोडू नये. पहाटे पाचला उठत होता ना, पाचलाच उठा. त्याच रस्त्याने चाला. पहिले काही दिवस तो रस्ता सोसवत नसेल तर दुसऱ्या गल्लीने जा, पण चाला. गोळी पूर्वी त्याच्या भाकरीशी जोडलेली होती, ती आता काकड्याशी किंवा हरिपाठाशी जोडावी. संध्याकाळी हरिपाठ झाला की गोळी. घरातल्या एकाने पंधरा दिवस ती पुढ्यात आणून द्यावी.

दुसरे पथ्य औषधाचे. नैराश्याची गोळी एकाएकी बंद केली तर चक्कर, मळमळ, बेचैनी, झोपेचा नाश होऊ शकतो आणि मूळ आजारही उलटू शकतो. काही दिवस खंड पडलाच असेल, तर आपल्या मनाने पुन्हा पहिल्या मात्रेवर जाऊ नये, डॉक्टरांना विचारून सुरू करावी. ज्यांचे मन कधी फार चढते आणि कधी फार पडते अशा रोग्यांनी झोपेला सोन्यासारखे जपावे. चार रात्रींचे जागरण त्यांचा आजार उसळवायला पुरे होते. तेव्हा कुत्र्याच्या आठवणीने जागत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, आणि त्या महिन्यात भजनाच्या जागराला बसू नका. विठोबा रागावत नाही.

एकादशीचा विषय येथेच काढतो, कारण दुःखातला माणूस उपास कडक करू लागतो. 'त्याच्या नावाने निर्जळा केली' असे आम्ही ऐकलेले आहे. जे लिथियम नावाचे औषध घेतात त्यांनी निर्जळ उपास मुळीच करू नये. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की हे औषध रक्तात साचते आणि विषासारखे बाधते : हात जोराने थरथरतात, उलट्या होतात, पाय लटपटतात, बोलणे जड होते. असे झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. वारीच्या वाटेवर उन्हात चालतानाही हीच सावधगिरी हवी. पाणी भरपूर प्यावे, मीठ एकदम सोडू नये, आणि उपासाचे काय करायचे ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

"नाम घे आणि गोळ्या सोड" असे सांगणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावे. डोळ्याला चष्मा लावून ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला आपण नास्तिक म्हणत नाही.

तिसरी गोष्ट अपराधाची. "मी आधीच डॉक्टरकडे न्यायला पाहिजे होतं", "फाटक उघडं मीच ठेवलं", आणि सर्वांत जड म्हणजे "मीच सुई द्यायला सांगितली". असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या जनावराला पशुवैद्यांच्या हातून शांत मरण दिलेली माणसे वर्षानुवर्षे हे ओझे वाहतात. माळकऱ्याला तर ते दुप्पट वाटते, कारण जीवहत्येचा विचार मनात येतो. आमचे मत सांगतो : त्या दिवशी जे ठाऊक होते, त्यावरून जो निर्णय तळमळ थांबवण्यासाठी घेतला, त्यात हिंसेची वासना नव्हती. उलट न दिल्यामुळे झुरणारेही आम्ही पाहिले आहेत. ज्याचे मन आधीच स्वतःला कोसण्याच्या सवयीचे आहे, त्याच्या डोक्यात हा खटला रात्रंदिवस चालतो आणि न्यायाधीश, फिर्यादी, आरोपी तोच असतो. अशा वेळी सारा वृत्तान्त पशुवैद्यांना एकदा नीट विचारून घ्यावा. दुखणे काय होते, लवकर आणले असते तर काय झाले असते? पुष्कळदा उत्तर येते की फार फरक पडला नसता. पडला असता असे उत्तर आले, तर तेही एकट्याने उरात न ठेवता कोणापाशी बोलावे.

गेलेल्या कुत्र्याच्या नखांचा फरशीवरचा आवाज ऐकू येणे, गोठ्यातली घुंगरे वाजल्यासारखी वाटणे, याला भिऊ नये. ओढीने लागलेल्या कानांना असे भास होतात. औषध चालू असलेल्या माणसाला मात्र लगेच वाटते, 'झालं, पुन्हा वेड लागलं.' तसे नाही. पण आवाज बोलू लागला, आज्ञा करू लागला, तर तो दुःखाचा भाग समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

किती दिवस हे चालावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या सूचीत, जी २०२२ पासून लागू आहे, लांबलेल्या शोकाला आजार म्हणून जागा दिली आहे आणि त्यासाठी निदान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. ती व्याख्या जवळच्या माणसाच्या मृत्यूसाठी केलेली आहे, हे खरे. तरी एवढे त्यावरून घ्यावे की दोन-तीन महिने आठवणीने कंठ दाटणे हा आजार नव्हे. सणाला, बेंदराला, त्याच्या जाण्याच्या तिथीला पुन्हा दाटेल, तेही स्वाभाविक. दाटून येऊन मग ओसरते आणि मधल्या दिवसांत माणूस जेवतो, झोपतो, हसतो, तर वाट बरी आहे.

काही खुणांना मात्र मुदत लावू नये. सलग काही रात्री झोप नाही, अन्न तुटले, "त्याच्या मागं मीबी जातो" असे शब्द तोंडी आले, तर ते बोलणे वरवरचे समजून सोडू नये. सरळ विचारावे : "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. माणसाला एकटे ठेवू नये. शेतकऱ्याच्या घरी फवारणीचे औषध असते, ते त्याच दिवशी भावकीतल्या कोणाच्या घरी कुलपात हलवावे. १४४१६ हा टेलिमानसचा दूरध्वनी १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, मनाच्या आजारावर उपचार होतात. पोलिसांची भीती घालणारे असतात, म्हणून हेही सांगून ठेवतो : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असेच धरले आहे, आणि त्याची काळजी घेण्याचे काम शासनावर टाकले आहे.

फडकऱ्यांनी, दिंडीतल्या सोबत्यांनी काय करावे? जावे आणि बसावे. जनावराचे नाव घेऊन विचारावे, "कसा होता हो तो शेवटच्या दिवशी?" नाव घेणे मोठे औषध आहे, कारण घरातले सगळे ते नाव टाळू लागलेले असतात. "चला, उद्यापासून काकड्याला मी हाक मारतो" असे म्हणून खरोखर हाक मारावी. वर सांगितलेल्या बाईंकडे जाऊबाई महिनाभर पहाटे पाचला कडी वाजवीत होत्या. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू पुन्हा सुरू केल्या. झोप आधी आली, भूक नंतर, रडू मात्र पुष्कळ दिवस येत राहिले आणि कोणी ते थांबवायला गेले नाही.

मुलांशी खोटे बोलू नये. "गावाला पाठवलाय" म्हटले की मूल वाट पाहत बसते, आणि पुढे कळले की आपल्यावरचा विश्वास जातो. मेला असेच सांगावे, मूठमाती देताना जवळ घ्यावे, फूल वाहू द्यावे. खड्डा खोल असावा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, वर चुना टाकावा. कुत्रा पिसाळून गेल्याची शंका असेल, किंवा शेवटी लाळ गाळत, चावत सुटला असेल, तर प्रेमाने जवळ घेऊ नये. ज्यांना तो चावला किंवा ज्यांच्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली, त्यांनी ती जागा साबणाने, वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यायला जावे. दुःखाच्या गडबडीत हे राहून जाते.

राहिला प्रश्न दुसरे जनावर आणण्याचा. गोठ्याचे काम अडले असेल तर शेतकऱ्याला थांबता येत नाही, त्याने आणावे. केवळ पोकळी भरायला आणायचे असेल तर घाई नको. नवा जीव जुन्यासारखा वागत नाही आणि मग त्याच्यावर राग निघतो. ज्यांचे मन चढउताराचे आहे त्यांच्या घरच्यांनी जानेवारीत विशेष ध्यान ठेवावे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, मन चढलेले असले की माणूस ऐपतीबाहेरची जोडी एका फेरीत ठरवून येतो. बरोबर कोणीतरी असावे, इसार देण्याआधी दोन रात्री झोप नीट झालेली असावी. तोवर ज्याला हात रिकामे वाटतात त्याने फाल्गुनापासून दाराशी सिमेंटची कुंडी भरून ठेवावी. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, गल्लीतली कुत्री आणि चिमण्या येतातच. कुंडी सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी धुवून भरावी आणि गोळीचा डबा तिच्या वेळेशी बांधावा.